हसणाऱ्यांत आपणही होतो



"तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न बडोद्यात जन्मलेल्या मराठी माणसाला आयुष्यात किती वेळा ऐकावा लागतो, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. माझे पणजोबा गायकवाड सरकारच्या दफ्तरात कारकून होते. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात गेले, १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला. आम्ही दांडिया बाजारातल्या त्याच घरात राहिलो. तरी नवा साहेब आला की "तमे तो दक्षिणी, क्यारे आव्या?" हे ठरलेलेच. घरी येऊन आपण चिडतो आणि मंडळाच्या कार्यक्रमात त्यावर भाषणे ठोकतो.

म्हणूनच पुढचे लिहिताना लाज वाटते.

आमच्या बँकेच्या शाखेत मिझोरामच्या एक प्रोबेशनरी अधिकारी रुजू झाल्या. शाखेत प्रत्येक बाईला 'बेन' नाहीतर 'मॅडम' म्हणतात. यांचे नाव म्हणे जिभेवर बसत नाही, म्हणून आठवड्याभरात 'मोमो' झाले. (मोमो मिझो लोकांचा पदार्थसुद्धा नाही, पण विचारतो कोण?) त्यांनी डबा उघडला की "आज कुत्रा आहे का?" काउंटरवर ग्राहक विचारतो, "नेपाळचे का?" की आतून आवाज येतो, "चायना माल आहे, गॅरंटी नाही!"

'मोमो' हे नाव ठेवणारा गुजराती नव्हता. तो आपलाच, माझ्याबरोबर गणपतीची वर्गणी मागत फिरणारा. आणि हसणाऱ्यांत मी होतो.

"मस्करी आहे, एवढे काय मनाला लावून घ्यायचे?" हे त्याचे उत्तर. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलचा विद्यार्थी निडो तानिया याच्या केसांवरून एका दुकानात अशीच मस्करी झाली. वाद झाला, त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने अशा वंशद्वेषासाठी दंडविधानात वेगळी कलमे सुचवली. २०२४ मध्ये नवी न्यायसंहिता लागू झाली, त्यातही ती आली नाहीत. घटनेच्या १५ व्या आणि १६ व्या कलमांत 'वंश' हा शब्द स्वच्छ लिहिलेला आहे. पण स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याने कार्यालयात समिती सक्तीची आहे. चेहऱ्यावरून रोज टोचले तर अर्ज कोणाकडे द्यायचा? आमचे साहेब म्हणाले, "ॲडजस्ट करायला शिका."

काही जण म्हणतात, त्रास त्यांना होतो तर त्यांनी बोलावे. वा! ज्यांच्या शेऱ्यावर नोकरी कायम व्हायची, त्यांच्याच टेबलावर बसून हसणाऱ्यांविरुद्ध ती एकटी मुलगी बोलणार? माझी नोकरी वीस वर्षांची, कायम, वर पाठीशी युनियन. बोलायला मला काय धाड भरली होती?

गेल्या महिन्यात एकदाचा बोललो. "त्यांना नाव आहे, त्या नावाने हाक मार," एवढेच, मराठीतच. टेबल गप्प झाले. तीन दिवस त्याने माझ्याबरोबर चहा घेतला नाही. मला पडलेली किंमत एवढीच! नाव मीही चुकीचेच घेत होतो. त्यांच्याकडून ते नीट ऐकून देवनागरीत लिहून घेतले, दोन दिवसांत तोंडात बसले. आपली पोरे श्वार्झनेगर म्हणतात, तेव्हा जीभ कशी वळते?

बाईंनी आभार वगैरे मानले नाहीत, आणि का मानावेत? "आधीच्या शाखेत कोणी बोलले नव्हते," एवढेच म्हणाल्या.

बँकेत व्हाउचर नसेल तर व्यवहार झालाच नाही असे धरतात. तोंडी टोमण्याचेही तसेच आहे. तारीख, नेमके शब्द, हजर कोण होते, हे त्याच दिवशी लिहिले तरच साहेबांना "असे काही घडले नाही" म्हणता येत नाही. पण साक्षीदार म्हणून सही कोणी करायची? तिथे आपण शाईपेन शोधायला लागतो.

युनियनच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय लेखी मांडणार आहे. अनुमोदनाला दोन सह्या लागतात. आपल्या मंडळातले निदान चार सभासद याच बँकेत आहेत, ते कोण हे मला माहीत आहे. बैठकीपूर्वी त्यांनी मला गाठावे, नाहीतर मी त्यांच्या घरी येईन.