कौशल्याचा खेळ आणि सोलापूरची मजुरी

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि पैसे लावून खेळले जाणारे पोकर, रमी यांसारखे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, निषिद्ध ठरविले. खेळविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. एका पक्षाला हा नीतीचा विजय वाटला, तर दुसऱ्याला बुद्धीवरील अन्याय. सोलापूरसारख्या कष्टकरी शहराचा विचार केला, तर हे दोन्ही निवाडे अपुरे आहेत.

कौशल्य आणि नशीब यांचा वाद जुनाच आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळास सूट दिली. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला. पोकरविषयी मात्र न्यायालयांचे एकमत झाले नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यास जुगार म्हटले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला.

पोकरमध्ये कौशल्य आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह १९४४ साली लिहिलेल्या ग्रंथात पोकरमधील हुलकावणीचे गणित मांडले. बिनमर्यादा पोकरच्या स्पर्धेत तर पट क्षणोक्षणी बदलतो. प्रारंभी संयम हिताचा असतो. पण सक्तीने लावावयाची रक्कम ठराविक वेळाने वाढत जाते, तेव्हा नुसते थांबणेही तोट्याचे ठरते. बक्षिसाची रेषा जवळ आली की मिळणाऱ्या चिप्सपेक्षा गमावलेल्या चिप्सचे मोल अधिक होते. हे सारे अभ्यासाने साधते.

परंतु अभ्यासाचे फळ शेकडो स्पर्धांनंतर दिसते, एका रात्रीत नव्हे. हातात दोन एक्के येण्याचा योग सरासरी २२१ डावांतून एकदा. आणि ते आल्यावरही समोरच्या दोन राजांकडून पाच-सहा वेळांतून एकदा हार पत्करावी लागते. तेवढ्या पराभवांचा भार सोसण्याइतके भांडवल ज्याच्यापाशी आहे, त्याचेच कौशल्य शेवटी कामी येते. शिवाय पोकरमध्ये नवी संपत्ती निर्माण होत नाही. प्रवेशशुल्कातून चालकाचा वाटा आधी निघतो, उरलेली रक्कम मूठभरांत वाटली जाते आणि बहुसंख्य रिकाम्या हाताने उठतात. सर्वांनीच डावपेच आत्मसात केले, तर कोणासच आघाडी उरत नाही. चालकाचा वाटा मात्र अबाधित राहतो. ‘शिका आणि कमवा’ या जाहिरातीत नेमके हेच सांगितले जात नसे.

सोलापूरला ही भाषा परकी नाही. न्यूयॉर्कहून मुंबईस तारेने येणाऱ्या कापसाच्या भावांवर पैजा लागत. त्यांतूनच १९६० च्या दशकात मटका उदयास आला आणि गिरणी कामगारांच्या वस्त्यांत फोफावला. कापसावर जगणाऱ्या सोलापुरासही आकड्याचे हे वेड लागले. तेव्हाही ‘आकडा काढण्याची विद्या’ सांगणारे होतेच. फरक इतकाच की त्यांची विद्या खोटी होती, पोकरची खरी आहे. म्हणूनच तिचा मोह अधिक घातक. यंत्रमागावर चादरी व टॉवेल विणणाऱ्याच्या किंवा हजार विड्यांच्या दराने मजुरी घेणाऱ्या स्त्रीच्या घरी दहा पराभव सोसण्याची ऐपत नसते. तेथे एक हरलेली स्पर्धा म्हणजे आठवड्याचा किराणा.

तेव्हा कायद्याचा हेतू योग्य आहे; प्रश्न त्याच्या सामर्थ्याचा आहे. १८८७ चा जुगारबंदीचा कायदा हाताशी असूनही मटका संपला नाही. परदेशी संकेतस्थळे आणि बंद दाराआडचे अड्डे यांना तर बंदी हीच संधी वाटेल. खेळणाऱ्यास शिक्षेतून वगळून कायद्याने शहाणपण दाखविले. आता त्याला शहाणे करण्याचे काम उरते. सोलापूरच्या शाळा-महाविद्यालयांत संभाव्यतेचे गणित सूत्रे पाठ करून शिकविण्याऐवजी पत्त्यांचा जोड हाती देऊन, एक पैसाही न लावता शिकविता येईल. शंभर डावांची नोंद स्वतः ठेवणाऱ्या विद्यार्थ्यास नशिबाची लहर आणि चालकाचा वाटा दोन्ही उमगतील. डाव कसा जिंकावा हे शिकविणारे पुष्कळ भेटतात. कोणत्या डावास बसूच नये, हे समजणे हाच खऱ्या कौशल्याचा आरंभ होय.