विश्लेषण : लग्न म्हणजे कायमचा होकार? पत्नीचा नकार कायद्याला का ऐकू येत नाही?

छत्तीसगडमधील एका महिलेचा डिसेंबर २०१७ मध्ये मृत्यू झाला. पतीने बळजबरीने केलेल्या अनैसर्गिक संबंधांमुळे आपली ही अवस्था झाली, असा जबाब तिने मृत्यूपूर्वी दिला होता. कनिष्ठ न्यायालयाने पतीला १० वर्षांची शिक्षा सुनावली. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. पती-पत्नीच्या बाबतीत संमती नसण्याला कायद्याच्या दृष्टीने महत्त्व उरत नाही, असे निकालात म्हटले गेले. सदोष मनुष्यवधाचा आरोपही टिकला नाही. निकालावर संताप व्यक्त झाला, पण त्याचा मुख्य आधार होता तो कायद्यातच लिहून ठेवलेला एक अपवाद.

कायदा नेमका काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये बलात्काराची व्याख्या आहे. त्याच कलमातील दुसरा अपवाद सांगतो, की पत्नी १८ वर्षांहून लहान नसेल, तर पतीने तिच्याशी ठेवलेले शरीरसंबंध बलात्कार ठरत नाहीत. जुन्या भारतीय दंड संहितेत ही वयोमर्यादा १५ होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती १८ केली. पत्नी विभक्त राहत असेल, तर बळजबरी हा स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे नकाराला किंमत आहे, पण ती घराचा उंबरठा ओलांडल्यावर.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाचा उल्लेख आहे. मात्र तिथे मिळतो तो संरक्षणाचा आदेश, निवासाचा हक्क, भरपाई. बळजबरीला बलात्कार म्हणण्याची सोय तिथेही नाही.

हा अपवाद आला कुठून?

लग्न करताना स्त्री स्वतःला पतीच्या हवाली करते आणि ही संमती तिला मागे घेता येत नाही, असे सतराव्या शतकातील इंग्रज न्यायाधीश मॅथ्यू हेल यांनी लिहून ठेवले. ब्रिटिशांनी १८६० मध्ये भारताला दंड संहिता दिली, तेव्हा हाच विचार तिच्यात उतरला. खुद्द इंग्लंडने १९९१ मध्ये तो मोडीत काढला. शेजारच्या नेपाळमध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच पतीची बळजबरी हा गुन्हा मानला.

पण सगळा दोष इंग्रजांच्या माथी मारून चालणार नाही. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाई नांदायला येत नाहीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. अकराव्या वर्षी झालेले हे लग्न रखमाबाईंना मान्य नव्हते. १८८७ मध्ये न्यायालयाने ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा’ असा आदेश दिला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. १८९१ मध्ये संमतीवय १० वरून १२ करण्याचा कायदा आला, तेव्हा लोकमान्य टिळकांसह अनेकांनी धर्मात सरकारी हस्तक्षेप नको म्हणून विरोध केला. आज ‘धर्म’ या शब्दाच्या जागी ‘कुटुंबसंस्था’ हा शब्द आला आहे, एवढाच फरक.

प्रकरण अडले कुठे?

न्या. जे. एस. वर्मा समितीने २०१३ मध्येच हा अपवाद काढून टाकण्याची शिफारस केली होती. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे या प्रश्नावर एकमत झाले नाही आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. लग्नाने संमतीचा हक्क संपत नाही, हे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ च्या प्रतिज्ञापत्रात मान्य केले. मात्र याला बलात्कार म्हणणे अती कठोर होईल, अशी भूमिका घेतली. त्याच महिन्यात सुनावणी सुरू झाली आणि तत्कालीन सरन्यायाधीशांची निवृत्ती जवळ आल्याने ती लांबणीवर पडली. अंतिम निकाल अजून बाकी आहे.

गैरवापराचे काय?

विरोधकांचा मुख्य आक्षेप हाच आहे. खोट्या तक्रारींची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण हा धोका चोरीपासून फसवणुकीपर्यंत प्रत्येक गुन्ह्यात असतो. त्यावर उपाय म्हणजे नीट तपास आणि भक्कम पुरावा. खऱ्या तक्रारीलाही दार बंद करणे हा उपाय होऊ शकत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयोगटातील ज्या विवाहित महिलांनी लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले, त्यांपैकी ८२ टक्के महिलांनी सध्याच्या पतीकडे बोट दाखवले. त्याच पाहणीत, पत्नीने नकार दिला तर तिच्यावर रागावण्याचा, तिला बोलण्याचा पतीला हक्क आहे, असे १९ टक्के पुरुषांना वाटत होते.

हा हक्क येतो कुठून?

तो कुणी शिकवत नाही, म्हणूनच येतो. मुलगा वयात येतो तेव्हा घरात विषय बदलला जातो, शाळेत तो धडा घाईघाईने उरकला जातो. उरते ती मित्रांची कुजबुज आणि मोबाइलवरची अश्लील चित्रफीत. तिथे सगळे काही दिसते, फक्त समोरच्याला विचारणे दिसत नाही. मुलीला मात्र ‘सांभाळून घे’ एवढे एकच वाक्य दिले जाते. तिने माहेरी तोंड उघडलेच, तर ‘नवराच आहे ना?’ असा उलट प्रश्न येतो.

याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून वाचकांच्या लैंगिक शंकांना थेट उत्तरे दिली. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी कर्वे यांना दंड झाला. पुढे २००७ मध्ये शाळांमधील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्रही होता.

आता काय व्हायला हवे?

न्यायालयाच्या तारखेची वाट न पाहता संसद हा अपवाद काढू शकते. नवी संहिता लिहितानाच ती संधी होती. तेव्हा जुनेच वाक्य नव्या कलमात आणून ठेवले गेले. घरातली गोष्ट चव्हाट्यावर नको, हा युक्तिवाद ऐकायला सभ्य वाटतो. पण त्या घरात दोन माणसे राहतात आणि या मौनाचा फायदा त्यांतल्या एकालाच मिळतो. अपवाद गेला तरी पोलीस ठाण्यात, माहेरी आणि दवाखान्यात ‘नवराच आहे ना?’ हाच प्रश्न विचारला जाणार असेल, तर कायदा कागदावरच राहील. म्हणून कलम बदलण्याबरोबरच नववी-दहावीच्या वर्गात, मुलगे आणि मुली एकत्र बसलेले असताना, संमती म्हणजे काय हे शिक्षकांनी न लाजता शिकवायला हवे.