जगदंबेची निद्रा आणि घरची माउली

देवळातील मूर्ती सहसा अचल असते. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरची भवानी मात्र चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासन सोडून चक्क पलंगावर निजते! नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, सीमोल्लंघनानंतर आश्विन पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा, पौषात मोहनिद्रा. दसऱ्याची पालखी बुऱ्हाणनगरहून येते, पलंग घोडेगावहून.

कीर्तनात आम्ही हे सांगताच श्रोते हसतात. खुशाल हसावे, पण महिषासुरमर्दिनीलाही श्रमपरिहार लागतो, हे मर्म विसरू नये. मग घटस्थापनेची झाडलोट, नऊ दिवसांचे उपवास आणि नैवेद्य निभावणाऱ्या घरच्या माउलीस दसऱ्यानंतर एका दिवसाची श्रमनिद्रा नको काय? त्या दिवशी चूल पुरुषांनी सांभाळावी. तीही देवीचीच सेवा होय, असे आमचे नम्र मत आहे.