म्हणे, हा खेळच नव्हे!

परवा भाच्याने फोनवर मला एक यादी वाचून दाखवली. जुन्या काळातले अजरामर कॉम्प्युटर गेम म्हणे. पॅकमॅन होता, टेट्रिस होता, प्रिन्स ऑफ पर्शिया होता, डूम होता. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि आपला तो रॉकव्हिलचा?"

तो हसला. "आत्या, तो कोण घेणार यादीत? तो गेमच नव्हता गं. त्यात करायचं काय होतं?"

तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय. माझ्यासारख्या सत्तरी उलटलेल्या निवृत्त शिक्षिकेने कॉम्प्युटर गेमसाठी भांडायला उठावं, हे तुम्हाला गमतीचं वाटेल. वाटू द्या. आयुष्यभर मी गेमच्या विरुद्धच बोलत आले, त्यामुळे एका गेमच्या बाजूने बोलायचा मला थोडा तरी हक्क आहे.

गोष्ट १९९३च्या दिवाळीची. भाऊबीजेला पुण्याला भावाकडे गेले होते. भाचा तेव्हा इंजिनियरिंगला. घरात नवाच पीसी आलेला, त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून वहिनीने क्रोशाचं कव्हर विणलेलं. भाच्याच्या मित्राने कुठूनशा फ्लॉप्या उतरवून आणल्या होत्या (त्या काळी विकत कोण घेत होतं!). त्यातल्या एकीवर हा गेम होता. नाव 'अ माइंड फॉरएव्हर व्हॉयेजिंग'. हे नाव वर्डस्वर्थच्या 'द प्रिल्यूड'मधून, न्यूटनच्या पुतळ्याबद्दलच्या ओळींमधून घेतलेलं आहे, हे मला पुष्कळ नंतर कळलं. भाच्याने दहा मिनिटं पाहिलं. चित्र नाही, आवाज नाही, काळ्या पडद्यावर नुसती इंग्रजी वाक्यं. खाली एक बाण, तिथे आपण काय करायचं ते टाइप करायचं. "बोअर आहे," म्हणून तो फटाके उडवायला गेला आणि खुर्चीवर मी बसले.

बीए मी मराठी माध्यमातून केलं. इंग्रजी वाचता येतं, पण उंबरठ्यावर अडखळत. शब्दकोश मांडीवर घेऊन, दोन बोटांनी टाइप करत, मी त्या गेममध्ये चार दिवस काढले. वहिनी फराळाची ताटली तिथेच आणून द्यायची.

हा गेम १९८५ साली अमेरिकेतल्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या इन्फोकॉम कंपनीने काढला. लेखक स्टीव्ह मेरेट्स्की. (लेखक म्हणते, कारण इन्फोकॉमचे गेम लिहिलेलेच असायचे.) कथा २०३१ सालची. तुम्ही पेरी सिम नावाचा माणूस आहात, निदान तुमची समजूत तशी आहे. मग डॉक्टर पेरेलमन नावाचे शास्त्रज्ञ सांगतात की तू माणूस नाहीस, तू प्रिझम नावाचं यंत्र आहेस. लहानपण, आईवडील, लग्न हे सगळं कॉम्प्युटरच्या आत घडवलेलं होतं. एवढा खटाटोप एका कामासाठी. रिचर्ड रायडर नावाच्या सिनेटरने देश सुधारण्याची एक मोठी योजना मांडली आहे. ती लागू केली तर दहा वर्षांनी काय होईल, त्याचं आभासी जग तयार केलंय. तुम्ही त्यात उतरायचं, साउथ डाकोटामधल्या रॉकव्हिल गावात हिंडायचं आणि जे दिसेल ते रेकॉर्ड करून आणायचं.

आत उतरायला दरवेळी एक सांकेतिक आकडा लागायचा. मूळ पेटीत त्यासाठी फिरवायची चकती होती. आमच्याकडे कुठली चकती! मित्राने वहीच्या चौकटीच्या पानावर आकडे उतरवून दिले होते.

सुरुवातीला यादी मिळते: हॉटेलात जेव, वर्तमानपत्र वाच, कोर्टाचं कामकाज बघ, सिनेमा बघ, एखाद्या धर्माधिकाऱ्याशी बोल, सरकारी अधिकाऱ्याशी बोल, वीजकेंद्र बघ, घरी जा. २०४१चं गाव ठीकठाक दिसतं. घरी बायको जिल आहे, लहानगा मुलगा आहे. पेरेलमन खूश, सिनेटर खूश. मी इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायचे. मला तर हा गेम नागरिकशास्त्राची क्षेत्रभेटच वाटला.

आता ती योजना काय होती ते सांगते. कर निम्म्यावर आणायचे, उद्योगांवरचे निर्बंध काढायचे, सक्तीची सैन्यभरती परत आणायची, आणि शिक्षणात मूलभूत गोष्टींवर आणि परंपरागत मूल्यांवर भर द्यायचा. हे शेवटचं कलम वाचून मी त्या खुर्चीत बसल्याबसल्या मान डोलावली होती. खोटं कशाला सांगू? मी मत दिलं असतं त्याला. स्टाफरूममध्ये आम्ही दुसरं काय बोलत होतो? मुलांना पाढे येत नाहीत, शिस्त राहिली नाही, संस्कार राहिले नाहीत.

मग तुम्ही स्वतःहून पुढे जाता. २०५१, २०६१, २०७१, २०८१. गाव तेच, रस्ते तेच. आता यादी कुणी देत नाही. पुरावा कशाला म्हणायचं ते तुम्हीच ठरवायचं. आणि दर दहा वर्षांनी त्याच रस्त्यावरून चालताना काहीतरी कमी झालेलं असतं. पोलीस वाढतात. एक नवा धर्मपंथ उभा राहतो आणि हळूहळू गावच गिळतो. एके दिवशी तुम्ही घरात असताना तुमचा मुलगा, ज्याला तुम्ही रांगताना पाहिलंय, त्या पंथाच्या लोकांना घेऊन येतो आणि स्वतःच्या आईला पकडून देतो. मूल्यांवर भर, नाही का!

तो परिच्छेद वाचताना मला 'हेरसी' हा शब्द अडला. शब्दकोशात पाहिला. पाखंड. तोवर स्वयंपाकघरातून वहिनीने दोनदा हाक मारली होती, ती मला ऐकूच आली नाही.

तर भाचेबुवा, "करायचं काय होतं?" बघायचं होतं! तुम्हा लोकांना करणं म्हणजे गोळी घालणं, उडी मारणं, किल्ली शोधून कुलूप उघडणं एवढंच माहीत. या गेममध्ये शेवटचा थोडा भाग सोडला तर (तिथे रायडरची माणसं तुम्हाला बंद पाडायला येतात आणि तुम्हाला पटापट डोकं चालवावं लागतं) कोडी जवळपास नाहीतच. म्हणून तो खेळ नव्हे, असा निकाल. मी विचारते, साक्षीदार होणं ही कृती नाही का? कोर्टात साक्ष देणारा माणूस काय टाइमपास करत असतो?

दुसरा आक्षेप जास्त हुशार लोकांचा असतो: "मग कादंबरीच वाचावी की." कादंबऱ्या मी भरपूर वाचल्या आहेत आणि शिकवल्याही आहेत. कादंबरीत लेखक मला घरी नेतो. इथे मी ठरवते घरी जायचं की नाही. मी २०६१मध्ये आधी कोर्ट पाहिलं, बाजार पाहिला, पेपर वाचला, मुद्दाम रेंगाळले, कारण घरी काय असेल याची मला भीती वाटायला लागली होती. ते रेंगाळणं मेरेट्स्कीने लिहिलेलं नव्हतं. ते माझं होतं. हे कोणत्या कादंबरीत होतं ते मला दाखवा.

खोट मात्र आहे, आणि मी मास्तरीण आहे, मार्क कापल्याशिवाय राहवणार नाही. रेगन १९८४मध्ये पुन्हा निवडून आले, त्या संतापातून हा गेम लिहिला गेला आणि तो संताप दिसतो. योजना वाईटच ठरणार हे लेखकाने आधीच ठरवलंय. तुम्ही काहीही रेकॉर्ड करा, ती चांगली निघण्याची सोयच ठेवलेली नाही. प्रयोगाचा निष्कर्ष आधी लिहून मग निरीक्षणं भरायची, हे आम्ही विज्ञानाच्या जर्नलमध्ये चालू देत नसू. रायडरही नाटकातल्या खलनायकासारखा, मिशाच काय त्या पिळायच्या बाकी. आणि शेवटी सगळं गोड करून टाकलंय, ते मला अजून पटत नाही. पण दहा-दहा वर्षांच्या पायऱ्यांनी चांगला गाव कसा वाया जातो, कुठल्याही एका दिवशी 'आज बिघडलं' असं म्हणता येत नाही, हे मला कुठल्याही पाठ्यपुस्तकातून शिकवता आलं नव्हतं. आमचं नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पेपराला चिकटवलेलं शेपूट. राज्यसभेची सभासदसंख्या किती, घोका.

मेरेट्स्कीची अपेक्षा होती की वाद होईल, संतापाची पत्रं येतील. त्याने नंतर तसं सांगितलंय. काही झालं नाही. लोक संतापलेसुद्धा नाहीत! त्याला व्यवहारी कारणं होती. गेमला १२८ के मेमरी लागायची आणि घरोघरी असलेल्या कमोडोर ६४मध्ये नावाप्रमाणे ६४च. त्याच वर्षी इन्फोकॉमने कॉर्नरस्टोन नावाचं व्यावसायिक डेटाबेसचं सॉफ्टवेअर काढलं आणि त्यात हात पोळून घेतले. १९८६मध्ये कंपनी अ‍ॅक्टिव्हिजनने घेतली, १९८९मध्ये बंद झाली. आणि मेरेट्स्कीने या गेमनंतर काय लिहिलं? 'लेदर गॉडेसेस ऑफ फोबोस', एक चावट विनोदी गेम. तो मात्र धडाक्यात खपला. असो.

कारणं कळली म्हणून राग जात नाही. २०२५च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने 'झॉर्क'च्या पहिल्या तीन भागांची मूळ आज्ञावली अधिकृतपणे सर्वांना खुली केली. चांगलं केलं, 'झॉर्क'चा मान मोठाच. पण बघा, तिथेही तळघर, खजिना आणि दिवा घेऊन फिरणारा वीरच पुढे आला. रॉकव्हिल मागेच राहिलं. आणि या आठवणीत रमणाऱ्या मंडळींचंही तेच. त्यांना जुना गेम हवा असतो तो स्वतःचं बारा वर्षांचं वय परत मिळावं म्हणून. ज्या गेमने त्यांना बाराव्या वर्षी कंटाळा आणला तो पन्नाशीत एकदा उघडून बघावा, आता तरी कळतोय का, असं कुणाच्या मनात येत नाही.

माझ्या स्वतःच्या खात्यावरही एक पाप आहे. त्या दिवाळीनंतर तीन-चार वर्षांनी आठवीच्या वर्गात एका मुलाकडून मी हातातला विटांचा गेम जप्त केला होता. "वर्ष संपल्यावर वडिलांना घेऊन ये, मग देईन." वडील आले नाहीत. तो गेम माझ्या कपाटात खडूंच्या डब्यामागे राहिला आणि मी निवृत्त झाले तेव्हा कपाटाबरोबर शाळेतच राहिला. रॉकव्हिल पाहून आलेली बाई मी, तरी त्या मुलाला एकदाही विचारलं नाही की यात तुला काय दिसतं. विटा पडायच्या त्यात, दुसरं काय दिसणार, असं मी स्वतःला सांगितलं. म्हणजे भाचा आज जे म्हणतो तेच.

फोनवर मी भाच्याला एवढंच म्हटलं, "तुझा तो गेम माझ्या लॅपटॉपवर घालून दे." कुरकुर करत, पण रविवारी येऊन त्याने घालून दिला. फ्रॉट्झ नावाचा प्रोग्राम लागतो, त्यावर चालतो. आकड्यांचं ते चौकटीचं पान माझ्या जुन्या शब्दकोशात अजून होतं, पिवळं पडलेलं, त्यावर चकलीच्या तेलाचा डाग. ते पाहून तो गप्पच झाला. मग खुर्ची ओढून शेजारी बसला. म्हणाला, "२०३१ आता आलंच की गं."

सध्या मी २०५१मध्ये आहे. पेपर वाचून झालाय, कोर्टात जाऊन आले. घरी अजून गेलेले नाही.