पालाश धरणारी माती कोणत्या शिवारासाठी?

उन्हाळ्यात उचगाव आणि करवीर तालुक्यातील इतर गावांच्या काळ्या रानांना भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या मिटतात. या फुगण्या-आक्रसण्यामागे चिकणमातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असते. याच कुळातील बेंटोनाइटवर प्रक्रिया करून सांडपाण्यातील पालाश टिपायचा आणि ती माती सावकाश लागू होणारे खत म्हणून वापरायची, या कल्पनेवर संशोधन होत आहे. कोल्हापूरसारख्या ऊसपट्ट्याने तिचा विचार करायला हवा. पण हिशेब मांडून.

गरज खरी आहे. पोटॅशसाठी देश जवळपास पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. 2022 मध्ये बेलारूसवरील निर्बंध आणि युक्रेन युद्धामुळे भाव भडकले, तेव्हा त्याची झळ थेट शेतकऱ्याला बसली. दुसरीकडे, उसाने जमिनीतून उचललेला पालाश मळीत उतरतो. मळीपासून एक लिटर अल्कोहोल बनवताना साधारण 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश निघतो आणि त्यात पालाश भरपूर असतो. स्पेंटवॉश जाळून उरलेल्या राखेतील पोटॅशला केंद्राने ऑक्टोबर 2021 मध्ये खत अनुदानाच्या कक्षेत आणले. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनेही स्पेंटवॉशमधून पोटॅश वेगळे काढण्याचे तंत्र विकसित केले आहे.

मातीचा मार्ग वेगळा आहे. तिच्या पापुद्र्यांवर ऋणभार असतो. प्रक्रियेत तिथे सोडियम बसवला जातो. पालाशयुक्त पाणी आले की सोडियम जागा सोडतो आणि पालाश चिकटतो. पुढे शेतात मुळांजवळच्या इतर आयनांशी अदलाबदल होऊन तो हळूहळू सुटतो. त्यामुळे एका जोरदार पावसात सारे खत वाहून जात नाही.

अडचणी दोन आहेत. चांगल्या बेंटोनाइटच्या साऱ्या जागा भरल्या, तरी किलोमागे सुमारे 39 ग्रॅमच पोटॅशियम मावते. म्युरेट ऑफ पोटॅशच्या 50 किलोच्या एका पोत्याइतका पालाश द्यायला अशी 600 किलोहून अधिक माती लागेल. ती लांब वाहून नेणे परवडणार नाही. शिवाय टिपलेल्या प्रत्येक पालाश-आयनामागे एक सोडियम-आयन पाण्यात सुटतो. ते पाणी पंचगंगेत गेले, तर क्षारपड जमिनींनी आधीच त्रस्त असलेल्या शिरोळच्या शेतकऱ्याला ते परवडेल का?

तिसरा मुद्दा जमिनीचा. काळ्या रानात ही खनिजे मुळातच आहेत. तिथे पालाश धरून ठेवायला विकतची माती कशाला? खरी गरज आहे ती राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याच्या जांभ्या जमिनींना. तिथे पाऊस मोठा आणि मातीची धारणशक्ती कमी.

म्हणूनच चाचण्या तिथे, शेतकऱ्यांच्या बांधावर व्हाव्यात. डिस्टिलरीजवळच माती भरावी, सुटलेल्या सोडियमची विल्हेवाट कशी लावणार हे आधी ठरवावे आणि तयार मालात जड धातू उतरले नाहीत ना, हेही तपासावे. निष्कर्ष चांगले असोत वा वाईट, ते जाहीर करावेत. उचगावच्या शेतकऱ्याने मात्र नव्या पोत्याची वाट न पाहता आधी माती परीक्षण करून घ्यावे. रानात पालाश किती आहे हे कळल्याशिवाय, तो सावकाश द्यायचा की झटपट, हा प्रश्नच उद्भवत नाही.