मोह, टेंभरं आणि अस्वल

मार्च सरता सरता विदर्भात मोह गळू लागतो आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडच्या रुग्णालयांत अस्वलाने फाडलेले चेहरे येऊ लागतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की पुन्हा तेच. डोळा, नाक, जबडा, टाळू. जखमा बहुधा तिथेच. अस्वल माणसाला खायला येत नाही. ते दचकते, मागच्या पायांवर उभे राहते आणि नखांचा फटका तोंडावर बसतो.

‘अस्वले माजली’ म्हणून विषय संपवणे सोपे आहे. पण ती खातात काय, हे आधी पाहावे. वाळवी आणि मुंग्या हे त्यांचे मुख्य अन्न. वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून अस्वल वारुळातली वाळवी ओढून घेते. जोडीला मोहफुले, टेंभरं, जांभळे, उंबर, बोरे आणि मध. म्हणजे त्याला मिश्र जंगल लागते.

वनव्यवस्थापनाची नजर मात्र दीर्घकाळ इमारती लाकडावर राहिली. 1974 मध्ये वनविकास महामंडळ आले आणि मिश्र जंगल तोडून मोठ्या क्षेत्रावर साग लावला गेला. सागाकडून अस्वलाच्या पोटाला फारसे काही मिळत नाही. सगळी तोड वाईटच असेही नाही. विरळणीने ऊन आत आले तर बोरी वाढतात. मोह तर सहसा तोडतच नाहीत. पण फुले दिसावीत म्हणून त्याखालचा पाला जाळतात, बिया तेलासाठी वेचतात; मग नवे रोप येणार कुठून? तेंदूची झुडपे कोवळ्या पानांसाठी छाटली जातात, ती फळावर येतच नाहीत. पडलेली खोडे उचलली की वाळवीचा आसराही जातो. (‘साफ’ जंगल म्हणजे चांगले जंगल, असे मानणारे अजून कमी नाहीत.) उरलेल्या मोहाखाली मग पहाटे माणूसही पोहोचतो आणि अस्वलही.

झाडाखाली जाळी बांधली तर पाला जाळावा लागत नाही आणि अंधारात वाकून फुले वेचण्याची घाईही राहत नाही. उजाडल्यावर, चार जणांनी, मोठ्याने बोलत जावे. हल्ला झालाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना काही लावू नये. अस्वल पिसाळलेले दिसत नसले तरी रेबीजची लस आणि जखमेत सीरम दोन्ही लागतात. शासनाकडून भरपाई मिळते, पण त्यासाठी वनविभागाला लगेच कळवावे लागते.