साक्ष साध्या माणसाची

'साक्ष' हा शब्द आपण बहुधा कोर्टकचेरीच्या संदर्भात ऐकतो. मराठी ख्रिस्ती मंडळीत मात्र तो अगदी घरातला शब्द आहे. उपासनेच्या वेळी किंवा एखाद्या घरगुती प्रार्थनासभेत कुणी उभे राहते आणि देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते चार शब्दांत सांगते. यालाच 'साक्ष देणे' म्हणतात. ज्यात चमत्कार नाही, वादळ नाही, अशा साध्या साक्षीला काही मोल आहे काय? आणि असल्यास ते मंडळीच्या चार भिंतींबाहेर, आपल्यासारख्या नाना धर्मांच्या मित्रमंडळींतही आहे काय? माझ्या मते आहे. आणि ते का आहे, एवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

ख्रिस्ती श्रद्धेची कहाणी म्हटले की मराठी वाचकाला काही ठळक नावे आठवतात. बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये, पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. समाजाचा रोष त्यांनी सोसला आणि आपल्या लेखणीने मराठी वाङ्मयात मोलाची भर घातली. त्यांच्याविषयी आदर बाळगूनही असे म्हणावेसे वाटते की, या थोर चरित्रांच्या प्रकाशात आपली एक समजूत होऊन बसली आहे. आयुष्यात उलथापालथ झाली असेल तरच ती कहाणी सांगण्याजोगी! वस्तुतः महाराष्ट्रातील बहुतेक ख्रिस्ती माणसांच्या वाट्याला असे वादळ आलेलेच नाही. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. पुढे त्या परिसरातील खेड्यापाड्यांतून जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांत महार व मांग समाजातील कुटुंबे फार मोठ्या संख्येने होती. वसईकडील कित्येक कुटुंबांचा ख्रिस्ती धर्म तर पोर्तुगीज अमदानीपासूनचा आहे. या हजारो माणसांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. त्यांची नातवंडे-पतवंडे आज आपल्याबरोबर वर्गात बसतात आणि 'आमच्याकडे सांगण्यासारखे काय आहे?' असे म्हणून गप्प राहतात.

परंतु थोरांच्या कहाण्याही जरा बारकाईने वाचाव्यात. पंडिता रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष छापली. बाप्तिस्मा झाल्यावरही कित्येक वर्षे आपल्याला धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त गवसला नव्हता, असे त्या बुद्धिमान स्त्रीने तीत मोकळेपणाने सांगितले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. बाईंचे रीतसर शिक्षण फारसे नव्हते. पतीने धर्म बदलल्यावर त्या काही वर्षे दूर राहिल्या, मग पुन्हा त्यांच्या संसारात आल्या, सोवळेओवळे हळूहळू सुटत गेले आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. हे सारे त्यांनी चूल, पाणी, रुसवेफुगवे आणि पोराबाळांच्या गोष्टींतून सांगितले आहे. म्हणूनच ज्यांना ख्रिस्ती धर्माशी काही देणेघेणे नाही, असे असंख्य वाचकही त्या पुस्तकावर जीव टाकतात. श्रद्धा ही स्वयंपाकघरातून चालत येते, हे त्या पुस्तकाने मराठी माणसाला पटवून दिले.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप मंडळीतल्याच लोकांचा. 'साध्या साक्षीने कुणाचा विश्वास दृढ होणार?' असे ते विचारतात. मोठमोठ्या सभांतून दुर्धर रोग बरा झाल्याच्या, व्यसन एका रात्रीत सुटल्याच्या साक्षी सांगितल्या जातात आणि ऐकणारे थक्क होतात. पण ज्याचा रोग प्रार्थना करूनही बरा झाला नाही, तो माणूसही त्याच सभेत मागच्या ओळीत बसलेला असतो. आपल्याच विश्वासात काही खोट असावी, असे मनाशी म्हणत तो घरी जातो. हे नुकसान लहान नाही. साक्षीदार म्हणजे वकील नव्हे. खटला जिंकणे हे साक्षीदाराचे काम नसते. जे पाहिले तेवढेच सांगणे आणि जे पाहिले नाही ते न सांगणे, एवढेच त्याचे काम. या कसोटीवर साधी साक्ष मोठ्या साक्षीपेक्षा अधिक खरी उतरण्याचा संभव आहे.

मी स्वतः चौथ्या पिढीतला ख्रिस्ती आहे. माझ्या वडिलांचा पाय कामावर मोडला आणि सहा महिने घरात पगार आला नाही. आम्ही रोज संध्याकाळी प्रार्थना करीत होतो. चमत्कार काही झाला नाही. वडील आजही थोडे लंगडतच चालतात. त्या दिवसांत ताटात नुसती भाकरी आणि चटणी असे. तरीही जेवणापूर्वी ते डोळे मिटून देवाचे आभार मानीत. एकदा मी चिडून विचारले, "आभार कशाचे मानता, बाबा?" ते म्हणाले, "भाकरी आहे ना!" मंडळीतल्या दोन कुटुंबांनी त्या काळात आमच्याकडे ज्वारी आणून दिली आणि त्याचा पुढे कधी उच्चार केला नाही. त्या सहा महिन्यांत माझा विश्वास फार वाढला असे मी म्हणणार नाही. पण तो मोडला नाही, आणि का मोडला नाही हे मला त्या भाकरीवरून आणि त्या ज्वारीवरून कळले. माझी साक्ष एवढीच.

दुसरा आक्षेप बाहेरचा आणि अधिक नाजूक. 'हा तर धर्मप्रचार झाला!' या शंकेला पाठ दाखवून चालणार नाही. आपल्या घटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली त्याचा अर्थ स्पष्ट करताना म्हटले की, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे विशद करून इतरांपर्यंत पोहोचविणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. कायद्याचा वाद बाजूला ठेवला तरी मैत्रीतही ही सीमारेषा उपयोगी पडते. 'माझ्या बाबतीत असे घडले' म्हणणारा माणूस ऐकणाऱ्याला मोकळा ठेवतो. 'म्हणून तूही असेच कर' हे वाक्य पुढे जोडले की साक्ष संपते आणि ओढाताण सुरू होते.

आणि न सांगण्याची किंमतही आपण पाहिली पाहिजे. ख्रिस्ती माणसाविषयी आपल्या पुष्कळ मित्रांचे ज्ञान हिंदी चित्रपटातील दारूडा, मोडकी हिंदी बोलणारा मनुष्य आणि नाताळचा केक यांपलीकडे जात नाही. आयुष्यभर मराठीत लिहिणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले, तेव्हा एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान कसा, म्हणून काही लोकांनी विरोध केला. शेजारी राहूनही शेजाऱ्याची गोष्ट ऐकली नाही, तर असा परकेपणा उरतो. वस्तुतः स्वतःची कहाणी सांगणे हे आपल्या मातीला नवे नाही. तुकोबांनी आपले दिवाळे आणि आपले दुःख अभंगांत सांगितले, बहिणाबाईंनी आपले आत्मचरित्र अभंगांत गुंफले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळकही मानीत.

अर्थात सांगणाऱ्याने ऐकलेही पाहिजे. एखादा मित्र वारीला जाऊन आला असेल, एखादीचे आजोबा १९५६ साली नागपूरच्या दीक्षासोहळ्याला गेले असतील, कुणी परीक्षेच्या दिवसांतही रोजे धरीत असेल. त्यांच्या कहाण्या लक्षपूर्वक ऐकण्याची तयारी नसेल, तर आपली सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना विनंती आहे : मोठे काही घडण्याची वाट पाहू नका. कुणी विचारले तर जे घडले ते सांगा, शंका असतील तर त्याही सांगा, आणि सांगून झाल्यावर समोरच्याला म्हणा, "आता तुझे सांग."